चार गट, एक म्हैस

२ जानेवारी, शुक्रवार

दूध संस्थेनं यंदा सभासदांना डायरी वाटली. निळी, वर सोनेरी म्हैस. घरी आणली तर सगळ्यांचे हात पुढं. माझा मुलगा धैर्यशील म्हणाला, कारखान्यात नोंदी ठेवायला होईल. नात राजनंदिनी म्हणाली, कॉलेजला नेतो. सून सुरेखा काहीच बोलली नाही, पण पदरानं पुसून कपाटात ठेवायला लागली, म्हणजे खरी तिलाच पाहिजे होती. मी विचारलं, संस्थेचं सभासद कोण? चिमणाबाई. मग डायरी कुणाची?

"आज्जी, तुला कुठं लिहाय येतंय?"

"मला गाडी तरी कुठं चालवाय येत्या? बसून जातेच की."

तर आता संध्याकाळच्या धारा झाल्या की मी सांगणार आणि सुरेखा लिहिणार. माझी अट एकच, तिच्याबद्दल बोलले तरी तिनं गाळायचं नाही. तिचीही एक अट आहे. माझं बोलणं ती जरा शाळेतल्यासारखं करून लिहिणार. कर बाई. बारावी शिकलीस, कुठंतरी वापर.

पहिली बातमी राजनंदिनीची, म्हणजे आमच्या नंदीची. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वीज आणि ऑटोमेशन. पुढच्या वर्षापासून त्यातल्या चार गटांपैकी एक धरायचा असतो, फॉर्म एकतीस तारखेपर्यंत. मी म्हटलं, म्हणजे चार स्थळं आलीत, एक ठरवायचं. ती म्हणाली, आज्जी, तुला सगळीकडं लग्नच दिसतंय.

ऑटोमेशन म्हणजे यंत्राला एकदा हुकूम देऊन ठेवायचा, मग ते माणसावाचून आपोआप काम करतं. असलं यंत्र आमच्या घरात वीस वर्षं आहे, ते आत्ता हे लिहितंय. (थांबू नको सुरेखा, अट लक्षात आहे ना?) दुसऱ्या गटात बॅटरीच्या गाड्या, तिसऱ्यात उन्हाची वीज. चौथा गट म्हणजे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि बिघाड झाला की तो पकडणं. त्याला प्रोटेक्शन म्हणतात. ऑटोमेशनला तीस जागा, सगळी पोरं त्यावरच तुटून पडलीत. आमच्या नंदीचा नंबर अठ्ठाविसावा. धैर्यानं आल्या आल्या पेढे वाटले. फॉर्म अजून भरलासुद्धा नाही.

५ जानेवारी, सोमवार

चंद्रीचं काहीतरी बिनसलंय. दिवाळीच्या आधी सकाळी सहा लिटर देत होती, आता चारावर आली. धार काढताना मागचा डावा पाय उचलते, ठेवते, परत उचलते. हौदाकडं पाणी प्यायला नेली की दोन घोट घेते आणि मागं सरते, पाण्यात कुणी बसल्यासारखं. डॉक्टर येऊन बघून गेले. सड चांगले, अंगात ताप नाही. म्हणाले, वैरण बदला. बदलली. फरक शून्य.

मला कारण ठाऊक आहे. शेजारची तानाबाई दिवाळीला आली होती आणि चंद्रीकडं बघून म्हणाली, "काय चमकालीय म्हस!" आता असं कुणी मोठ्यानं बोलतं का? मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मिरच्या जळाल्या, ठसका सुद्धा आला नाही कुणाला. म्हणजे केवढी नजर बघा.

सकाळी सुरेखा गोठ्यात चप्पल घालून शिरली. मी दारातच उभी होते.

"काढ आदी. लक्ष्मीच्या घरात चप्पल?"

"आत्या, पायाला मुंग्या येत्यात वल्या जमिनीवर."

"माझ्या न्हाईत आल्या साठ वरसांत."

काढली मग. ही माझी सून कामाला वाघीण आहे, पण पाय मात्र शहरातले. माझ्या टाचा बघा, भेगांत चारआणे राहतील.

९ जानेवारी, शुक्रवार

जेवताना नंदी म्हणाली, चौथा गट पण बरा वाटतो. धैर्याचा घास हातातच राहिला.

"तारा-खांबाचा? वायरमन व्हायचं तर एवढं शिकायचं कशाला? माझ्याकडं ये, उद्यापासून टेस्टर देतो."

मी त्याची आई आहे म्हणून सांगते, तो चिडला नव्हता, भ्याला होता. आयटीआय करून लागला तो शिरोली एमआयडीसीत, बावीस वर्षं फौंड्रीतली वीज सांभाळतो. भट्टी बंद पडली की ह्याचा फोन. शिडीवर उभं राहून ह्याचे गुडघे माझ्या आधी गेले. पोरीनं काचेच्या खोलीत बसून बटणं दाबावीत, एवढंच त्याचं मागणं. गावातल्या कुणाच्याही घरात दिवा गेला की धैर्याला हाक, आणि तो जातो. पण पोरीनं जाऊ नये.

आता माझ्या मनातलं लिही. मला चौथाच गट पाहिजे. वीज काय गावोगाव आहे. सबस्टेशन पुढच्याच गावात. पोरगी तिथं लागली तर रोज घरी येईल. ऑटोमेशनवाल्या सगळ्या पुण्याला जातात आणि मग दिवाळीला पाहुण्यासारख्या येतात. हे मी नंदीला सांगणार नाही, धैर्याला तर नाहीच.

सुरेखाचा हात थांबला. म्हणाली, "आत्या, हितं ऱ्हायली तर गोठ्यातच ऱ्हाईल."

"मग? गोठ्यानं तुझं काय वाईट केलं?"

ती म्हणाली, पुढं सांगा.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तानाबाईला तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं आणि मनात म्हटलं, म्हशीकडं बघू नको.

चंद्री सकाळी तीन लिटर.

शनिवारी नंदीच्या कॉलेजात पालकांना बोलावलंय, चारही गट मांडून दाखवणार आहेत. धैर्याला सुट्टी नाही. मी म्हटलं, मी येते. स्थळ बघायला थोरलं माणूस नको? नंदी हसून लोळली, पण मी लुगडं काढून ठेवलंसुद्धा. सुरेखानं माझ्या मागोमाग आपली अंजिरी साडी काढली. हिला काय करायचंय तिथं, कोण जाणे.

१७ जानेवारी, शनिवार

आज लिहायला वेळ नाही. गोठ्याचा मेन स्विच बंद आहे. धारा मोबाईलच्या उजेडात काढल्या. सगळं उद्या सांगते.

१८ जानेवारी, रविवार

सुरेखा, पान पुरणार नाही, बारीक लिही.

काल बसनं गेलो. कॉलेज म्हणजे केवढं! ऑटोमेशनच्या खोलीत जत्रा. मधोमध यंत्राचा एक पिवळा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत. पट्ट्यावरनं ठोकळे येतात, तो उचलतो, चांगला ह्या डब्यात, खराब त्या डब्यात. माणूस जवळ नाही. मी तर तोंडावर हात ठेवून बघत राहिले. अहो, आपोआप की हो! तिथल्या पोराला विचारलं, "ह्याला श्याण भरता येतंय काय?"

"प्रोग्राम केला तर येईल, आजी."

"मग कर की. धारा?"

"ते जरा अवघड आहे."

"व्हय, म्हशीला त्याचं तोंड आवडाय पायजे."

सगळे हसले. मग मी गंमत केली. पिशवीत तिळगुळाचा लाडू होता, तो ठोकळ्याच्या जागी पट्ट्यावर ठेवला. हात आला, वास घेतल्यासारखा थांबला, लाडू अलगद उचलला आणि खराब मालाच्या डब्यात टाकला. सुरेखानं पाकात घातलेलं वेलदोड्याचं सोनं! मी त्याच क्षणी ठरवलं, हे स्थळ नको.

बॅटरीची गाडी बघितली, आवाज नाही, मागून आली तर माणूस मरायचा. उन्हाच्या वीजवाल्यांनी सरबत दिलं, ते लोक चांगले आहेत. चौथ्या गटाच्या टेबलावर मात्र काळं कुत्रं नाही. एक बाई बसलेल्या, आदिती मॅडम, समोर एक राखाडी पेटी आणि एक बल्ब. शेजारी खुर्ची मोकळी होती, माझे गुडघे बोलत होते, म्हणून बसले. खरं सांगते, दुसरं कारण नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "दाखवू का आजी, आमचं काम काय असतं?"

"दाखवा की. बसलेच हाय."

त्या म्हणाल्या, वीज एका तारेनं जाते आणि दुसऱ्या तारेनं परत येते. जेवढी गेली तेवढी आली पाहिजे. कमी आली तर ती वाटेत कुठंतरी दुसरीकडंच चाललीय, कुणाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून, जमिनीतून. ही पेटी ते मोजत बसते. फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद. त्यांनी एक तार ओल्या फडक्याला टेकवली, खट्! बल्ब गेला.

"म्हंजे गुराखी," मी म्हटलं. "सकाळी धा सोडली, सांजंला नऊ आली, तर एक कुठं गेली ते बघणार."

मॅडम इतक्या खुश झाल्या की म्हणाल्या, हे मी सोमवारी वर्गात सांगते. मग इकडचं तिकडचं बोलताना घरी म्हशी किती, असं विचारलं. मी चंद्रीचं गाऱ्हाणं सांगितलं. पाय उचलते, पाण्यावरनं मागं सरते. मॅडमचं हसू गेलं.

"हौदाचा नळ लोखंडी आहे का?"

"व्हय."

"कधीपासून असं करते?"

"दिवाळीपास्नं."

"गोठ्यात तुम्ही पायात काय घालता?"

"गोठ्यात? अवो, लक्ष्मी हाय ती. अनवाणीच."

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. सुरेखा. मी आयुष्यात तिला परक्या माणसासमोर आपणहून बोलताना ऐकलं नव्हतं.

"मॅडम, मला मुंग्या येत्यात. हौदाला हात लावला की कोपरापत्तूर. दिवाळीपास्नंच."

मी वळून बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मॅडम उभ्याच राहिल्या. नंदीला हाक मारली, मोजायचं मीटर तिच्या हातात दिलं आणि काय काय मोजायचं ते सांगितलं. आणि आम्हाला म्हणाल्या, मोजून झालं की गोठ्याची वीज पूर्ण तोडा, दुरुस्त होईपर्यंत लावू नका, मोजताना सगळ्यांनी पायात रबरी चप्पल घाला. सगळ्यांनी, आजी.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. नंदीनं नळापासून लांब, अंगणात एक सळई ठोकली. मीटरचा एक काटा नळाला, दुसरा सळईला. गोठ्यातले दिवे आणि पंखा लावले. सहा व्होल्ट. मग वैरण बारीक करणारी कडबाकुट्टी सुरू केली. आकडा पळालाच! तेवीस. चंद्रीचा पाय वर.

"आज्जी, म्हस खोटं बोलत नव्हती!" नंदी ओरडली, आणि मला तर असा आनंद झाला की टाळीच वाजवली. तीन महिने ती मुकी बाई मला सांगत होती आणि मी मिरच्या जाळत होते.

मग नंदी तारेवर नुसती नजर ठेवत मागं मागं गेली. परतीची तार मध्येच तुटलेली, उंदरानं खाल्लेली. तिथून एक जोड काढून सरळ पाण्याच्या पायपाला बांधला होता. म्हणजे जी वीज तारेनं परत जायची, ती आमच्या पायपातून, हौदातून, ओल्या जमिनीतून चालली होती. वर काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं शेवटचं टोक दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. असं टोक ह्या पंचक्रोशीत एकच माणूस दुमडतो. नंदीला लहानपणी त्यानंच शिकवलं.

दारात गाडी वाजली. धैर्या आला, मीटर बघितलं, पोरीला बघितलं.

नंदी म्हणाली, "पप्पा, उंदरानं तार—"

"उंदरानं तोडली. जोडली मी." त्यानं बूट काढले नाहीत. "दिवाळीत. तात्पुरतं केलंतं. दुसऱ्या दिवशी तार आणणार होतो."

मग स्वतःच जाऊन मेन स्विच पाडला.

२० जानेवारी, मंगळवार

नवी तार आली. गळती पकडणारी पेटी आली. धैर्यानं काल रजा टाकून सगळं केलं, आजही करतोय. घराच्या मागं अर्थिंगसाठी माणूसभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. बोलत मात्र नाही. काही विचारलं तर मान.

तेव्हा हे लिहून ठेवते, कारण तोंडानं सांगायला मला जमणार नाही. दिवाळीत तो दोन पाळ्या करून आला होता. गोठ्यात अंधार. मी त्याच्या डोक्यावर उभी होते. "आत्ताच्या आत्ता लाव, धारा खोळंबल्यात. एवढा एमआयडीसीतला मिस्त्री आणि आईच्या गोठ्यात दिवा न्हाय!" तो म्हणाला होता, उद्या नीट करतो. मी म्हटलं होतं, आज. तात्पुरतं हा शब्द त्याचा, पण घाई माझी. आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागतोच आहे म्हटल्यावर तार आणायची आठवण त्याला मी केली नाही.

आणि चपला. चपला मी काढायला लावल्या.

"सुरेखा, तीन म्हयने गप का बसलीस?"

"सांगितलं की एकदा."

"परत सांगायचं!"

"परत सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, नाजूक हाय."

म्हटलंच असतं. लिहिलंस का? लिही.

आज दुपारी बाजारात गेले आणि रबरी चपलांचे दोन जोड आणले, एक तिला, एक मला. गोठ्याच्या दारात ठेवलेत. लक्ष्मीला मी समजावून सांगितलंय.

२१ जानेवारी, बुधवार

चंद्री प्याली! तोंड हौदात घातलं ते वर काढायला तयार नाही. घटघट घटघट, अर्धा हौद. आम्ही चौघंही उभे, जणू कुणी भाषण करतंय. नंदी मोबाईलवर चित्र घेत होती. शेवटी चंद्रीनं मान वर काढली, नाकातून फुर्र केलं आणि सगळं पाणी धैर्याच्या शर्टावर. तो हसला. चार दिवसांनी.

पाय हलला नाही. दूध साडेचार.

२५ जानेवारी, रविवार

गल्लीत बातमी फुटली. कुणी फोडली विचारू नका, माझ्या पोटात राहिली नाही. सकाळी दोघी जणी दारात, आमचा पण गोठा बघ गं पोरी. नंदी मीटर घेऊन निघाली, मागं सुरेखा आकडे लिहायला, पुढं मी, दार उघडायला लावायला. अकरा गोठे! एकात तर परतीची तार, न्यूट्रल म्हणतात ती, हापशाच्या दांड्याला बांधलेली. एकात दाव्याच्या कडीत सात, आणि तिथली म्हस तीन महिने "मारकी" म्हणून विकायला काढलेली. चारजणांची वीज तिथंच बंद करायला लावली. लोक नंदीला "बाईसाहेब" म्हणायला लागले. माझी छाती लुगड्यात मावेना.

सातवा गोठा तानाबाईचा. मीटर दोन. नंदी म्हणाली, ठीक आहे, एवढं चालतं. तानाबाई मला म्हणाली, "चिमणाबाई, तुझ्या म्हशीला माझी नजर लागली म्हणालतीस म्हणं." मी म्हटलं, वीज होती ती, तुझ्या नजरेत एवढी ताकद कुठली. तिनं चहा केला.

माझ्या डायरीची मागची सहा पानं सुरेखानं आकड्यांनी भरली. घराचा नंबर, दिवे लावून, पंखा लावून, जमीन ओली का कोरडी. हे कोरडी-ओलीचं तिला मॅडमनी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच्या पायानं ओळखलं होतं. नंदी ती पानं बघून म्हणाली, "मम्मी, माझ्या वर्गात एवढं नीट कोण लिहीत न्हाय." सुरेखा लाजली. हे वाक्य ती आत्ता दोनदा लिहायला निघाली होती.

२९ जानेवारी, गुरुवार

घरात वादळ. नंदीनं सांगून टाकलं, चौथा गट घेतो.

धैर्या म्हणाला, "अठ्ठाविसावा नंबर लागलाय. लोक त्यासाठी रडालेत."

"रडू देत. एकतिसावी आहे तिला मिळंल."

"अकरा गोठे बघितलेस म्हणून? ते काम माझं हाय. मी करतो. तू वर जा."

"पप्पा, तुमी अकरा बघाल. अकराशे कोण बघणार? नियम कोण लिहिणार, पेटी स्वस्त कोण करणार, लोकांना परवडंल अशी?"

"मी सही करणार न्हाय."

फॉर्मवर पालकाची सही लागते. परवा संध्याकाळी पाचला दार बंद.

मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. माझाच गट! संध्याकाळी नंदीला जवळ घेऊन म्हटलं, बरं केलंस, आता हितंच सबस्टेशनला लाग. तर ती काय म्हणाली? म्हणाली, आज्जी, मॅडमच्या गटातल्या मुलांना सहा महिने बेंगळूरला प्रयोगशाळेत पाठवतात. तिथं सगळ्या देशातली यंत्रं तपासतात. आणि पुढं शिकायचं तर दिल्लीकडं.

पुणं बरं होतं की मग! पुण्याला सकाळी गेलं तर संध्याकाळी परत येता येतं.

हे सांगताना सुरेखा खाली मान घालून लिहितेय आणि हसतेय. मला दिसतंय. तुझंच खरं झालं म्हणून हसतेस ना? हस. लिही, चिमणाबाई हरली. पण हेही लिही की पोरगी बोलत होती तेव्हा तिचे डोळे असे लखलखत होते की मी बेंगळूर कुठं आहे तेवढंच विचारलं. एकदा तिच्याबरोबर जाऊन बघून येईन म्हणते. तिथल्या म्हशी कशा आहेत ते तरी कळेल.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळचे दहा झाले होते, सही नव्हती. धैर्याला दुसरी पाळी, म्हणून घरात. नंदीनं भांडण केलं नाही, मनधरणी केली नाही. माझी डायरी उचलली, मागची पानं उघडून बापासमोर ठेवली.

"पप्पा, एवढे आकडे बरोबर हाईत का बघा. बास. मग मी काय म्हणत न्हाय."

आता हे त्याला कसं सुटेल? विजेचा आकडा बघून मान फिरवायचा धैर्या अजून जन्माला यायचाय. चष्मा लावला. बोट एकेका ओळीवर. सातव्या ओळीवर थांबलं.

"तानामावशीकडं दोनच?"

"दोनच आले."

"तिच्याकडं हिरवी कडबाकुट्टी हाय. चालू केलतीस?"

नंदीनं सुरेखाकडं बघितलं. सुरेखा म्हणाली, "तवा वैरण घालून झालती. बंदच होती."

तो उठला, स्वतःचं मीटर घेतलं, चप्पल अडकवली आणि निघाला. आम्ही तिघी मागं. तानाबाई म्हणाली, आता आणि काय? धैर्यानं काटे लावले आणि सांगितलं, मावशी, यंत्र लाव. यंत्र घरघरलं.

वीस.

तानाबाई रोज तिथं उभी राहून हौद घासते. अनवाणी. माझ्याच वयाची.

नंदीनं परत आकडा बघितला. "मी ठीक हाय म्हणून सांगितलं हुतं," ती म्हणाली. "मी सांगितलं हुतं, चालतंय."

मला वाटलं, आता हा म्हणेल, बघ, जमत नाही तुला. तो म्हणाला नाही. मेन स्विच पाडला, खाली बसला, तिला पण बसवलं, पायपाचा जोड दाखवला.

"भार नसताना सगळंच चांगलं दिसतंय. यंत्र चालवून बघायचं. नेहमी. सगळ्यांत मोठं यंत्र आदी."

"हे पुस्तकात न्हाय, पप्पा."

"मग घाल की पुस्तकात."

दोघं तिथंच बसून राहिले, डोक्याला डोकं लावून, बोटानं मातीत तारा काढत. तानाबाईनं मला खुणेनं विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, शाळा भरलीय. तिला माझ्या पायातल्या चपला काढून दिल्या आणि घरी आले.

पुढचं कुणी मला सांगितलं नाही, ते मी ओसरीवरनं बघितलं. धैर्या आत आला, फळीवरनं फॉर्म काढला, उभ्यानंच वाचला, पहिल्या पानापासून. बसला. परत वाचला. एक वाजायला आला होता.

आज दुपारीच लिहायला बसलोय, कारण मला संध्याकाळपर्यंत दम निघणार नाही. पण सुरेखा म्हणते, आत्या, जरा थांबा, पेन त्यांनी नेलंय.

कशाला नेलंय?

सही करायला.

मग राहू दे त्याच्याकडं. हे पेन्सिलीनं लिही.